धुऱ्यावर झटकलेली खोळ

माझी आई शेतातलं तण निंदणाऱ्या बायांची म्होरकी होती. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सभ्य हळहळ येते, ती मला अजिबात आवडत नाही. म्होरकी म्हणजे म्होरकी. शिरड शहापूरच्या शिवारात पावसाळ्यात ज्याला रान स्वच्छ करून हवं असे तो आमच्या वस्तीवर यायचा आणि आधी आईला विचारायचा, कधी जमेल. आई बोटांवर वार मोजायची आणि "मंगळवारी" नाहीतर "आता पंधरा रोज न्हाई" असं तोंडावर सांगायची. समोरच्याचं रान चाळीस एकर असलं तरी उत्तर तेच. वडील जवळा बाजारला जिनिंगवर हमाली करत आणि घरात कमी बोलत. त्यांच्या वाट्याचंही आईच बोलून घेई.

टोळीत दहा-बारा बाया असत, बहुतेक आमच्याच बौद्ध वस्तीतल्या, दोघी-तिघी गावातल्या. रानात सगळ्या एका ओळीत बसत. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे पिकाच्या दोन-तीन ओळी, आणि खुरप्यानं तण काढत पुढं सरकायचं. आई मधल्या पातीवर बसे, तिथून तिला दोन्हीकडचं दिसे. कुणी तण वरच्यावर खुडलं की ती मान न वळवता म्हणायची, "केस कापून राहिली का बाई? मुळी काढ." सगळ्या हसायच्या, पण मुळी निघायची. शाळेला सुट्टी असली की मीही जायची. माझी पात कायम मागं पडायची. आई ती निमूटपणे पुरी करून द्यायची आणि घरी आल्यावर वडिलांसमोर माझी नक्कल करायची.

काढलेलं तण बाया कमरेला खोचलेल्या पदराच्या खोळीत टाकत आणि खोळ भरली की धुऱ्यावर, म्हणजे दोन रानांमधल्या बांधावर, रिकामी करत. यात विशेष काही नाही, सगळीकडं असंच चालतं. विशेष होती ती आईनं घालून दिलेली रीत.

झालं होतं असं. मी अगदी लहान असताना मुगाच्या रानातून परतणाऱ्या आमच्यातल्या एका बाईला मालकानं वाटेत थांबवलं आणि खोळ उघडायला लावली. शेंगा नेतेस म्हणून संशय. तिनं चारचौघांत खोळ उघडली. आत हरळीची मुळं आणि माती. मालक "बरं, बरं, जा" म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी आई जेवली नाही, असं वडील सांगत. दुसऱ्या दिवसापासून तिनं टोळीला नवं वळण लावलं. सकाळी मालकाच्या धुऱ्यावर पोचलं की कामाला बसायच्या आधी प्रत्येकीनं खोळ मोकळी करून झटकायची, आपण रिकाम्या आलो हे त्याला दिसलं पाहिजे. संध्याकाळी त्याच्या निंदलेल्या रानात कचरा सांडायचा नाही आणि घरीही काही न्यायचं नाही. गावाच्या पांदणीवर, म्हणजे गाडीवाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, पुन्हा एकदा झटकायची. "कोनी म्हनायच्या आधी आपन दाखवायचं," आई म्हणायची.

पांदणीला लागून आमचं दीड एकर रान होतं. सगळ्यांच्या वाटेवरचं, म्हणून संध्याकाळची झटकणी आमच्याच धुऱ्यावर व्हायची. बाया एका रांगेत उभ्या राहत, खोळ सोडत आणि पदर दोन्ही हातांत धरून फडाफडा झटकत. बैलगाड्या शेजारून जात असत. कुणी सायकलवाला धूळ उडते म्हणून कुरकुरायचा, त्याला मावशी दोन शब्द ऐकवायची. ही मावशी म्हणजे आमची शेजारीण, टोळीतला आईचा उजवा हात. मला त्या झटकण्याचा फार अभिमान वाटे. पंचक्रोशीत दुसरी कुठली टोळी असं करत नव्हती. पुढं पुढं मालकच एकमेकांना सांगू लागले, या बाया चिमूटभर मातीसुद्धा नेत नाहीत. आईला हे कुणी येऊन सांगितलं की ती चुलीकडं तोंड करायची. ती खूश झाली आहे हे मला पाठीवरून कळायचं.

आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता. मी सहावीत होते. त्या वर्षी पावसानं अशी ओढ दिली की आमच्याकडं तणसुद्धा उगवलं नाही. टोळी रिकामी बसली. तेव्हा वारंगा फाट्याकडच्या एका बागायतदारानं हळद निंदायला बोलावणं धाडलं. आठ दिवस त्याचा टेम्पो सकाळी न्यायला यायचा आणि दिवस बुडायच्या आत पांदणीवर आणून सोडायचा. टेम्पोत बसायला मिळतं म्हणून मी एक दिवस हट्ट करून गेले.

फाट्यावर ट्रक उभे होते, ढाबे होते, टायरवाल्यांची दुकानं होती, आणि त्या सगळ्यांच्या मागं कमरेएवढं उंच एक गवत माजलं होतं. पानं गाजराच्या पानांसारखी, वर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. हळदीतही तेच. आमच्या शिवारात मी ते पाहिलं नव्हतं. तिथल्या बाया त्याला पांढरफुली म्हणत होत्या.

"लई ग्वाड दिसून राहिलं की हे," मावशी म्हणाली.

तिथल्या एका बाईनं कोपरापासून हात जोडले. "घेऊन जा बाई. सगळंच घेऊन जा."

सगळ्या हसल्या. आणि आम्ही ते खरोखरच नेलं, आठ दिवस, रोज संध्याकाळी, बारा पदरांतून. कुणाच्या मनातही आलं नाही. टेम्पोतून उतरलं की बाया धुऱ्यावर रांगेत उभ्या राहायच्या आणि रीतीप्रमाणं खोळी झटकायच्या. मी गेले त्या दिवशी मीही माझा फ्रॉक झटकला, मोठ्या बायांच्या बरोबरीनं.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या धुऱ्यावर चार-दोन रोपं दिसली. आईनं ओळखली आणि उपटली. त्याच्या पुढच्या वर्षी ती मोजता येत नव्हती. शाळेत सरांनी त्याचं नाव गाजरगवत सांगितलं आणि जनावरं ते खात नाहीत असं सांगितलं, ते तर आम्हाला दिसतच होतं. आमची शेळी त्या धुऱ्याकडं तोंड फिरवायची. मावशीला थट्टेला निमित्त मिळालं. "दुसऱ्याचं रान आरशावानी, अन् म्होरकीच्या धुऱ्यावर फुलबाग!" आई हसायची, पण तिला ते लागायचं. दुसऱ्यांची रानं निंदून आल्यावर अंधार पडेपर्यंत ती आपला धुरा उपटत बसायची. त्याला खुरपंही लागत नाही, पाऊस झाला की हातानं उपसून येतं. आई उघड्या हातांनी उपटायची, कवेत घ्यायची, पदरात भरायची, तोंडासमोरून उचलून न्यायची. एक पाऊस पडला की पुन्हा उभं. तिला वाटायचं आपलंच काम कमी पडतंय. मला अजून त्या गवताचा राग येतो तो तिच्या या समजुतीमुळं.

मी दहावी झाले त्या वर्षी आमचा जिल्हा हिंगोली झाला. त्याच पावसाळ्यात आईच्या मानेला खाज सुटली. मग कोपरांच्या आतल्या बाजूला, मग पापण्यांवर. कातडी जाड आणि काळी पडत चालली. उन्हात गेलं की आग व्हायची. रात्री ती खाजवायची आणि सकाळी मानेवर रक्ताच्या रेघा असायच्या. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, हळद झाली, करंजाचं तेल झालं. गावातल्या एकीनं ताईत बांधायला सुचवलं. आम्ही बौद्ध, असलं काही घरात चालत नसे. आईनं तिला चहा पाजून परत पाठवलं. तालुक्याच्या गावच्या दुकानातून आणलेली मलमाची नळी चार दिवस गुण द्यायची आणि पाचव्या दिवशी सगळं पहिल्यासारखं.

टोळीत काय झालं ते मला आईनं सांगितलं नाही, मी सुट्टीत डोळ्यांनी पाहिलं. दुपारच्या भाकरीला बाया गोल बसायच्या. आई बसली की तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली. मग एक दिवस पाण्याच्या घागरीपाशी दुसरी, छोटी कळशी आली आणि सगळ्या तिच्यातलं पिऊ लागल्या. घागर आईपुरती राहिली. आईच्या आईनं दुसऱ्यांच्या विहिरीवर लांब उभं राहून पाणी मागितलं होतं, ते आईनं आम्हाला कितीदा सांगितलं होतं. आता आपल्याच बायांनी. त्या रात्री मी रडले. आई रडली नाही, तिनं मला "झोप आता" म्हणून दटावलं.

मी तेव्हा कृषी पदविकेला गेले होते. दोन वर्षांचा अभ्यास, वसतिगृहात राहायचं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला सुट्टी काढून मी आईला नांदेडला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिच्या पापण्या पाहिल्या, मान पाहिली, आणि एकच प्रश्न विचारला.

"शेतात गाजरगवत आहे का?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी समजावलं. हा महारोग नाही, खरूज नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. या गवताचा फुलोरा आणि भुसा काहींच्या अंगाला सोसत नाही. एकदा सोसेनासा झाला की मग झाला. औषध देतो, पण त्या झाडापासून लांब राहायचं.

"किती दिस?" आईनं विचारलं.

"कायमचं."

"डॉक्टरसाहेब," आई म्हणाली, "ते तर तुमच्या दारासमोरच्या नालीपाशीबी हाय."

डॉक्टर खिडकीतून बाहेर बघायला गेले. तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

गावी आल्यावर मी टोळीतल्या सगळ्या बायांना आमच्या दारात बोलावलं आणि हा रोग लागत नाही हे मोठ्या आवाजात सांगितलं. शिकलेल्या माणसाचा आवाज मी तेव्हा नुकताच कमावला होता, तो पुरेपूर वापरला. बाया खाली बघत बसल्या. मावशी उठली, आमच्या घरात गेली, आईच्या तांब्यातलं पाणी ओतून घेऊन प्यायली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मला काय माहीत व्हतं वो." आई म्हणाली, "बस खाली, लई नाटक नको करू." कळशीचा विषय तिथं संपला.

पण रानात जायचं बंद झालं. टोळी मावशीनं सांभाळली. सकाळी बाया आमच्या धुऱ्यावरच जमायच्या, एकमेकींची वाट बघत तिथल्या गवतात बसायच्या आणि मग कामाला जायच्या. रीत मोडली नव्हती. संध्याकाळी मावशी वस्तीत शिरली की आई दारातून विचारायची, "झटकलं का?" मावशी म्हणायची, "झटकलं." सकाळचंही विचारायची, मालकासमोर झटकलं का. तेही झटकलेलं असायचं. आईचं एवढंच उरलं होतं. वीस वर्षांचं काम हातातून गेलं, पण तिनं घालून दिलेलं वळण बाया पाळत होत्या आणि ते ऐकून ती भाकरी थापायला बसायची.

पोळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा माझ्या पिशवीत कॉलेजचं भिंग होतं. तणांच्या बिया ओळखायच्या आणि वहीत चिकटवायच्या, असं काम दिलं होतं. गाजरगवताचं बी आम्हाला पांढऱ्या कागदावर दाखवलं होतं. काळं, बारीक, तिळाहूनही लहान, आणि एका झाडाला हजारोंनी. सरांनी सांगितलं होतं, ते गाडीच्या चाकाबरोबर जातं, शेणखतात जातं, वाहत्या पाण्याबरोबर जातं. मी लिहून घेतलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवले होते.

मावशी कामावरून आली आणि आईशी बोलत आमच्या दारात बसली. तिनं पदर पसरला होता. त्याच्या मुडपलेल्या काठात काहीतरी काळं दिसलं. मी गंमत म्हणून वर्तमानपत्राचा कागद खाली धरला आणि तो काठ उलगडून टिचकी मारली. कागदावर दाणे पडले. भिंगातून पाहिलं. मग पदराचा दुसरा मुडपा उलगडला. त्यातही होते. झटकलेला पदर होता तो. वरवरचं सगळं गेलं होतं आणि काठात अडकलेलं राहिलं होतं, उद्या दुसऱ्याच्या धुऱ्यावर सांडायला.

मला सगळं एकदम कळलं. हळदीचे आठ दिवस, टेम्पो, आमचा धुरा. आणि त्याच्यापुढचं, म्हणजे आता रोज सकाळी बाया आमच्या धुऱ्यावरच्या फुललेल्या गवतात बसून काय घेऊन जातात आणि मालकांच्या धुऱ्यांवर काय झटकतात, ते.

"काय शोधून राहिली गं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही. कॉलेजचं आहे," मी म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

मी आईला सांगितलं नाही. मनाशी कारणंही नीट जुळवली. तिच्या अंगाची आग नुकती कमी होत होती. हे गवत तिच्याच रीतीनं तिच्या दारात आलं आणि तिच्याच अंगाला लागलं, हे ऐकून ती काय करेल? तिला रानातलं दुसरं काही उरलं नव्हतं. शिवाय मी स्वतःला सांगितलं, गाजरगवत आज ना उद्या सगळीकडं येणारच आहे, सडकेनं येईल, ट्रकनं येईल. आमच्या बारा बाया थांबून काय थांबणार? हे सगळं मला तेव्हा समंजसपणाचं वाटलं. मी सुट्टी संपवून परत गेले आणि तो कागद वहीत बरोबर नेला. बियांच्या यादीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

दिवाळीला आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी आईनं मला पांदणीवर नेलं. तिनं तोंडाला फडकं बांधलं होतं आणि ती आमच्या धुऱ्याच्या समोरच्या बाजूला, लांब उभी राहिली. धुरा पांढरा झाला होता.

"काय दिसून राहिलं तुला?"

"गाजरगवत."

"ते मलाबी दिसून राहिलं. कसं हाय ते बघ. वाऱ्यानं आलं असतं तर साऱ्या रानात पसरलं असतं. हे एका वळीनं काहून हाय? बाया उभ्या राहतात तिथून तिथपर्यंतच काहून दाट हाय?"

तिनं आयुष्यभर जमिनीकडं बघितलं होतं. मी भिंगातून जे पाहिलं ते तिला रस्त्याच्या पलीकडून दिसत होतं.

"पदरातून येतं, माय," मी शेवटी म्हणाले. "काठात बी अडकतं. झटकलं की पडतं. हळदीला गेलो तेव्हा आलं." आणि मग पोळ्याच्या दिवशीचं सगळं सांगून टाकलं.

ती कोसळेल असं मला वाटलं होतं. ती कोसळली नाही. फडकं खाली ओढून तिनं विचारलं, "म्हंजे तुला पोळ्याला कळलं?"

"हो."

"पोळा होऊन दोन महिने झाले."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटंल म्हनून तू बायांना झटकू देलं?" तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "या दोन महिन्यांत बाया तीन नव्या रानांत गेल्या. तिथं ह्या गवताचं नाव न्हवतं. रोज सकाळी इथं बसून गेल्या अन् तिथं जाऊन झटकलं. मी इतकी वर्सं नेलं ते न कळता नेलं. तू कळून नेऊ देलं."

मला राग आला. मी तुझ्यासाठीच गप्प बसले, असं मी म्हणालेही. ती घराकडं चालू लागली आणि तिच्या मागून चालताना माझा राग संपला. तिचं खरं होतं. मी तिला सांभाळत होते असं मला वाटत होतं. खरं तर तिचा चेहरा मला बघवणार नव्हता, म्हणून मी स्वतःला सांभाळत होते. तिला सांगायला लागलेलं अर्धं मिनिट मी दोन महिने लांबवलं होतं.

त्याच संध्याकाळी आईनं बायांना आमच्या अंगणात बोलावलं आणि स्वतः सांगितलं, आडपडदा न ठेवता. मावशीला आधी पटेना. मग तिनं आपला काठ उलगडला, नखानं खरवडला आणि तळहाताकडं बघत राहिली.

"काय न्हेत न्हाई म्हनून दाखवत होतो," ती म्हणाली, "अन् पेरून येत होतो व्हय आपन?"

तिला हसू फुटलं, एकदोघी हसल्याही, आणि आईकडं बघून थांबल्या. आईनं सांगितलं, उद्यापासून धुऱ्यावर जमायचं नाही, आमच्या अंगणात जमायचं. कामावरचं लुगडं वेगळं ठेवायचं आणि रोज पाण्यातून काढायचं. खोळ झटकायची ती ज्याचं रान त्याच्याच रानात, कोपऱ्यात, आणि तो कचरा तिथंच जाळायचा. मालक काय म्हणतील असं कुणीतरी विचारलं. "त्यांना सांगून करायचं," आई म्हणाली. एका दमात तिनं आपली पंधरा वर्षांची रीत मोडून दुसरी लावली. मी तिच्याइतकं धाडसी माणूस नंतर फार पाहिलं नाही, आणि मी बऱ्यापैकी माणसं पाहिली आहेत.

बाया गेल्यावर ती माझ्याकडं वळली.

"त्या तिघा मालकांना सांगाय पायजे. आता फुलावर आलं आसंल तिथं. बी पडायच्या आत काढलं तर निघंल. मला तिथं जाता येत न्हाई. तू जा."

"काय सांगू?"

"जे हाय ते. वाऱ्यानं आलं, ट्रकानं आलं असलं काही सांगू नको. आमच्या खोळीतून आलं म्हनून सांग. तू शिकलेली हायेस, तुला बराबर सांगता येतं."

हे शेवटचं तिनं टोमणा म्हणून म्हटलं की नाही, मला आजही कळत नाही.

"टोळीला परत बोलावतील का ते?" मी विचारलं.

"न बोलवू देत."

ती हे म्हणाली खरी, पण तिचं तोंड उतरलं होतं. नाव हीच तिची कमाई होती. या बाया चिमूटभर मातीसुद्धा नेत नाहीत, हे जे पंधरा वर्षांत लोकांच्या तोंडी बसलं होतं, ते मी उद्या तीन दारांत जाऊन पुसणार होते, आणि तीच मला पाठवत होती.

पहिलं रान गावाच्या खालच्या अंगाला होतं, मोठ्या जमिनीवाल्या घरचं. वाटेनं मी वाक्य पाठ करत गेले. काकू, तुमच्या धुऱ्यावर जे नवं गवत आलं ते आमच्या बायांच्या पदरातून आलं. मागं-पुढं काही जोडायचं नाही. मालकीण काकू कापसाच्या वेचणीवर लक्ष ठेवत रानातच उभी होती. तिनं मला लांबून ओळखलं.

"म्होरकीची लेक ना गं तू? बरी आली. आधी हे बघ."

मी तोंड उघडायच्या आत तिनं माझा हात धरून मला धुऱ्यावर नेलं. सकाळी बाया उभ्या राहतात तेवढ्याच जागेत गाजरगवत उगवलं होतं, वीतभर-हातभर, शेंड्यांना पहिली पांढरी फुलं.

"महिना झाला, हे नवंच निघून राहिलं. आमच्या गड्यानं दोनदा काढलं, पर वरच्यावर खुडतो मेला, पुन्हा फुटतं. तुझ्या मायवानी मुळापासून काढनं कोनाला जमत न्हाई. तिला म्हनावं, तब्येतीची तकलीफ आसंल तर मी घरून गाडी जुपून धाडते, पर तिनंच यायला पायजे. तिच्याबिगर हे निघायचं न्हाई. कवा येती ती?"

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. ती ऐकत होती, पण तिला ते धड लागलं नाही असं वाटलं, म्हणून मी ते पुन्हा, सावकाश म्हटलं. मग आईच्या अंगाला काय झालं आहे, कशानं झालं आहे आणि ती या धुऱ्यावर कधीच का येऊ शकणार नाही, तेही सांगितलं. मला कधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. ते सांगायला आईनं सांगितलं नव्हतं.

काकू रागावली नाही. तिनं त्या फुलांकडं बोट केलं.

"मंग आता हे काढायचं कोनी?" तिनं मला विचारलं.

मी ओढणी तोंडाला बांधली, खाली बसले आणि पहिलं रोप मुळापासून उपटलं.